घोरण्याकडे कानाडोळा नको

यात्रेतील धर्मशाळेचा मुक्काम असो, लग्नघरी ओळीने अंथरलेल्या गाद्या असोत किंवा रेल्वेचा शयनयान डबा असो. रात्र थोडी चढली की कोणत्या तरी कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज सुरू होतो. आधी हलका, मग चढत जाणारा, आणि मध्येच थांबून पुन्हा एकदम उसळणारा. सकाळी चहाच्या वेळी त्यावरून थट्टामस्करी रंगते. कोणी रेल्वेच्या इंजिनाची उपमा देतो, कोणी करवतीची. ज्याच्याविषयी हे सारे चाललेले असते तो गृहस्थ मात्र "मी आणि घोरतो? शक्यच नाही!" असे ठामपणे सांगतो. त्यात लबाडी नसते. स्वतःचे घोरणे त्याने कधी ऐकलेलेच नसते.

ताप आला तर रोग्याला कळतो, दाढ दुखू लागली तर सर्वांत आधी त्यालाच कळते. घोरण्याचा साक्षीदार मात्र नेहमी दुसरा असतो. त्यामुळे घोरण्याआड एखादा विकार दडलेला असेल, तर तो वर्षानुवर्षे उजेडात येत नाही. ज्याला तो आहे त्याला ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येतो तो हसण्यावारी नेतो किंवा उशी उचलून दुसऱ्या खोलीत जातो. प्रत्येक घोरणारा माणूस आजारी असतो, असे मुळीच नाही. परंतु निरुपद्रवी घोरणे कोणते आणि धोक्याची सूचना देणारे कोणते, हे ओळखण्याचे पहिले काम वैद्यांचे नसून घरातील माणसांचे आहे.

किती जण घोरतात?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ३० ते ६० वर्षे वयाच्या नोकरदार स्त्री-पुरुषांच्या झोपेचा दीर्घकालीन अभ्यास करण्यात आला. १९९३ मध्ये त्याचे जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनी वैद्यकीय जगाचे लक्ष या विषयाकडे वेधले. त्यात सुमारे ४४ टक्के पुरुष आणि २८ टक्के स्त्रिया नेहमी घोरणाऱ्या आढळल्या. त्यांपैकी ६०२ जणांची रात्रभर तपासणी झाली, तेव्हा २४ टक्के पुरुषांचा आणि ९ टक्के स्त्रियांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा त्याहून अधिक वेळा अडत असल्याचे दिसले. तोपर्यंत हा क्वचित आढळणारा विकार मानला जात असे.

हे परदेशातील आकडे आहेत, आपल्याकडे तसे नसेल, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील फुप्फुसरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली. त्यांतील २६ टक्के पुरुष नेहमी घोरणारे निघाले. पुढे २५० जणांची त्यांच्या घरीच रात्रभर तपासणी करण्यात आली. तिच्या आधारे काढलेल्या अनुमानानुसार १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत वारंवार अडत होता आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याच्या जोडीला दिवसाही अनावर झोप येत होती. म्हणजे स्वतःला निरोगी समजणाऱ्या दर पाच मध्यमवयीन मुंबईकर पुरुषांपैकी जवळजवळ एकाच्या श्वासात रात्री अडथळा येत होता, आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

जागतिक पातळीवरील एक अंदाज २०१९ मध्ये मांडण्यात आला. त्यानुसार ३० ते ६९ वर्षे वयोगटातील सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा विकार कमीअधिक प्रमाणात आहे आणि त्यांपैकी ४२ कोटी ५० लाख लोकांमध्ये तो मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा आहे.

आवाज येतो कोठून?

बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात उडते, कारण वाट अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो. घशात नेमके हेच घडते. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात आणि श्वासाची वाट मोकळी ठेवतात. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात. जिभेचा मूळ भाग मागे सरकतो, मऊ टाळू आणि पडजीभ खाली झुकतात, वाट अरुंद होते आणि तिच्यातून वेगाने जाणारी हवा या सैल भागांना थरथरवते. वाऱ्यात फडफडणाऱ्या कापडासारखी ही थरथर असते. तिचाच आवाज म्हणजे घोरणे.

वाट अरुंद होण्याची कारणे अनेक आहेत. गळ्याभोवती आणि पोटावर साठलेली चरबी हे त्यांतील प्रमुख. याखेरीज लहान किंवा मागे असलेला जबडा, वाढलेले टॉन्सिल, नाकाचा वाकडा पडदा, सर्दी आणि अ‍ॅलर्जी यांचाही वाटा असतो. वयाबरोबर स्नायूंचा ताठपणा कमी होतो. धूम्रपानाने घशाला सूज येते. मद्य आणि झोपेच्या काही गोळ्या स्नायूंना आणखी सैल करतात. उताणे झोपल्यावर जीभ आपल्याच भाराने मागे पडते. म्हणूनच कुशीवर वळताच अनेकांचे घोरणे थांबते.

भारतीयांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाश्चात्त्यांच्या तुलनेत आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते. त्यामुळे भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची मर्यादा खाली आणली असून, पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही कमरेच्या घेराची सीमा मानली आहे. "मी काही फार जाड नाही, मला कसला त्रास होणार?" हा युक्तिवाद म्हणूनच पुरेसा ठरत नाही. सडपातळ माणसांमध्येही, विशेषतः जबडा लहान असल्यास, हा विकार आढळतो.

आवाजापेक्षा मधली शांतता महत्त्वाची

घोरण्याचा आवाज किती मोठा आहे, याकडे सर्वांचे लक्ष असते. खरे लक्ष द्यायला हवे ते त्या आवाजात मध्येच पडणाऱ्या खंडाकडे. घोरणे चालू असताना ते अचानक थांबते. दहा, वीस, कधी तीस सेकंद काहीही ऐकू येत नाही. शेजारी झोपलेल्या व्यक्तीला क्षणभर सुटल्यासारखे वाटते. मग एक मोठा हुंदका किंवा गुदमरल्यासारखा आवाज होतो, अंगाला झटका बसतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते.

त्या शांततेत त्या माणसाची श्वासाची वाट पूर्ण बंद झालेली असते. छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटू लागतो. मेंदूला धोक्याची जाणीव होते आणि तो झोपणाऱ्याला क्षणभर जागे करतो. स्नायू ताठ होतात, वाट उघडते, श्वास सुरू होतो आणि लगेच पुन्हा झोप लागते. हे जागेपण इतके अल्प असते की सकाळी त्याची आठवणही राहत नाही. या विकाराला 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. 'अ‍ॅप्निया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'श्वासाविना' असा आहे. मराठीत त्याला 'निद्राश्वासरोध' म्हणता येईल.

प्रौढांमध्ये श्वास किमान दहा सेकंद थांबला, किंवा तेवढा वेळ बराच मंदावून प्राणवायू घटला वा झोप मोडली, तर तो एक अडथळा धरला जातो. तासाला ५ ते १५ अडथळे असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात. हिशेब मांडून पाहिला म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. तासाला ३० अडथळे म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. सात तासांच्या झोपेत २१० वेळा. कोणी एका रात्रीत दोनशे दहा वेळा दंडाला धरून हलवून उठवले, तर त्याला आपण छळ म्हणू. तीव्र विकार असलेल्या माणसाच्या वाट्याला हे दररोज येते, आणि घरचे म्हणत असतात, "किती गाढ झोपले आहेत!"

मोठे घोरणे म्हणजे गाढ झोप, हा आपल्या समाजातील फार जुना समज आहे. कुंभकर्णाचे नाव त्यासाठी म्हणीसारखे वापरले जाते. विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या 'पउमचरियं' या जैन रामकथेत राजा श्रेणिकाला या कथेविषयीच शंका येते. कोणी सहा सहा महिने झोपून कसा राहील, कितीही गलबला झाला तरी जागा कसा होणार नाही, असे तो विचारतो. आणि अशा कथा खोट्या असल्याचे गौतम गणधर त्याला सांगतात. घोरण्याविषयीच्या आपल्या समजुतीलाही हीच चिकित्सक वृत्ती लावायला हवी.

शरीर कोणती किंमत मोजते?

श्वास अडला की शरीर संकटाच्या वेळची संप्रेरके रक्तात सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो आणि हृदयाला व रक्तवाहिन्यांना विश्रांती मिळते. ही विश्रांतीच हिरावली गेल्यावर तिचे परिणाम दिवसाही दिसू लागतात. विस्कॉन्सिनमधील त्याच अभ्यासाने २००० मध्ये दाखवून दिले की झोपेतील अडथळे जितके अधिक, तितकी पुढील काही वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता अधिक. तीन-तीन औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात, हृदयविकार आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांचे खापर भलतीकडेच फुटते. रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागले की मधुमेह किंवा प्रोस्टेट यांचा संशय घेतला जातो. तो वाजवी असतो; परंतु श्वासरोधातही हृदयावर येणाऱ्या ताणामुळे लघवीचे प्रमाण वाढते. सकाळी डोके जड होणे, तोंडाला कोरड पडणे, विसराळूपणा, चिडचिड, कामात मन न लागणे, उदास वाटणे ही लक्षणे 'वय झाले' किंवा 'कामाचा ताण आहे' या सदरात टाकली जातात. प्रवचनाला बसल्यावर पाच मिनिटांत मान खाली जाते, त्याला लोक आळस म्हणतात. रात्रीच्या झोपेच्या खात्यात जमा कमी पडलेली असते. दिवस ती तूट वसूल करत असतो.

ही तूट केव्हा वसूल होईल, याचा नेम नसतो. १ डिसेंबर २०१३ रोजी पहाटेनंतर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एक प्रवासी रेल्वेगाडी वळणावर रुळांवरून घसरली. ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाची मर्यादा असलेल्या त्या वळणावर गाडीचा वेग ताशी १३२ किलोमीटर होता. चार प्रवासी मृत्युमुखी पडले. चौकशीत असे निष्पन्न झाले की चालकाला डुलकी लागली होती आणि त्याला तीव्र निद्राश्वासरोध होता, ज्याचे निदान तोपर्यंत झालेच नव्हते. आपल्याकडे रात्रीच्या महामार्गावर चारचाकी चालवणारे किती जण आपल्या झोपेचा विचार करतात, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या इतर तक्रारींबरोबर या विकाराचाही उल्लेख केला होता. त्या वेळी हा शब्द वर्तमानपत्रांतून अनेक घरांत प्रथमच पोहोचला. दुर्दैवाने बातमी जुनी झाली आणि शब्दही विस्मरणात गेला.

स्त्रिया, मुले आणि एकटे राहणारे

घोरणे ही पुरुषांची गोष्ट, हा समज स्त्रियांना महाग पडतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांचे संरक्षण कमी होते आणि स्त्रियांमधील या विकाराचे प्रमाण झपाट्याने वाढते. त्यांची लक्षणेही काहीशी वेगळी असतात. मोठ्या घोरण्याऐवजी सततचा थकवा, झोप न लागणे, डोकेदुखी, मन खिन्न राहणे अशा तक्रारी घेऊन त्या डॉक्टरांकडे जातात आणि कधी रक्तक्षयाच्या, कधी मनःस्वास्थ्याच्या औषधांवर त्यांची बोळवण होते. शिवाय बाईमाणूस घोरते, हे सांगण्याची लाज आपल्या घरांत अजून आहे. सासूबाईंच्या घोरण्याचा उल्लेख सुनेने करायचा कसा, आणि सुनेच्या घोरण्याविषयी डॉक्टरांशी बोलायचे कोणी? या संकोचापोटी अनेक वर्षे निघून जातात.

लहान मुलांचे घोरणे कौतुकाने पाहिले जाते. सर्दीत दोन दिवस घोरणे वेगळे. पण जे मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरते, तोंड उघडे टाकून झोपते, मान मागे ताणते, त्याच्या घशातील टॉन्सिल आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढलेल्या असण्याचा संभव असतो. मुले मोठ्यांसारखी पेंगत नाहीत; उलट चंचल होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, अंथरूण ओले करतात. शाळेत 'खोडकर' ठरलेल्या एखाद्या मुलाचे खरे दुखणे रात्रीच्या श्वासात असू शकते. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे अवश्य न्यावे.

सर्वांत अधिक काळजी वाटावी ती एकट्या राहणाऱ्यांची. मुले पुण्याला किंवा परदेशात, जोडीदार निवर्तलेला, आणि दोन खोल्यांच्या घरात एकटे आई किंवा वडील. त्यांच्या झोपेला साक्षीदारच उरलेला नसतो. ज्या जोडप्यांनी घोरण्याला कंटाळून वेगळ्या खोल्या केल्या आहेत, तेथेही एका अर्थाने हीच स्थिती असते. गावाकडे गेल्यावर मुलांनी एक रात्र आईवडिलांच्या खोलीत झोपून त्यांचा श्वास कसा चालतो ते ऐकावे. ते शक्य नसेल तर उशाशी मोबाइल ठेवून रात्रीचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. निदानासाठी ते पुरेसे नसते, पण डॉक्टरांपुढे ठेवायला तो उपयुक्त पुरावा ठरतो. "मी घोरत नाही" या वादावरही तोच सर्वांत सौम्य तोडगा आहे.

घरच्या घरी प्राथमिक पडताळा

डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी आणि इतर वेळीही आठ साध्या प्रश्नांची एक चाचणी वापरतात. प्रत्येक 'होय' या उत्तराला एक गुण द्यावा :

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतके मोठे घोरणे आहे का?
२. दिवसा वारंवार थकवा किंवा झोप येते का?
३. झोपेत श्वास थांबल्याचे किंवा गुदमरल्याचे कोणी पाहिले आहे का?
४. उच्च रक्तदाब आहे किंवा त्यावर उपचार चालू आहेत का?
५. वजन उंचीच्या मानाने फार अधिक, म्हणजे बीएमआय ३५ पेक्षा जास्त आहे का?
६. वय ५० पेक्षा अधिक आहे का?
७. गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरपेक्षा अधिक आहे का?
८. व्यक्ती पुरुष आहे का?

दोनपर्यंत गुण असल्यास धोका कमी, तीन किंवा चार असल्यास मध्यम आणि पाच किंवा अधिक असल्यास मोठा समजावा. पाचव्या प्रश्नातील मर्यादा पाश्चात्त्य शरीरयष्टीला धरून आहे. भारतीयांनी तिच्या खाली असण्यावर विसंबून राहू नये.

दिवसाची झोप मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे तयार झालेली 'एपवर्थ' मोजपट्टी १९९१ पासून प्रचलित आहे. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत स्वस्थ बसल्यावर, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि रहदारीत गाडी काही मिनिटे थांबल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. २४ पैकी १० पेक्षा अधिक गुण झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

या चाचण्या निदान नव्हेत. निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करावी लागते. रुग्णालयात होणाऱ्या तपासणीत मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके, श्वास, छातीची हालचाल आणि प्राणवायूचे प्रमाण यांची एकाच वेळी नोंद होते. अनेकांसाठी छोटे यंत्र घरी नेऊन करायची तपासणीही पुरेशी असते. फुप्फुसरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्याकडून याचे मार्गदर्शन मिळते.

उपचाराच्या वाटा

साधे घोरणे असो वा श्वासरोध, सुरुवात राहणीमानापासून होते. विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन १० टक्क्यांनी वाढल्यास अडथळ्यांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते आणि तेवढेच वजन घटल्यास ते सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते, असे दिसले. ८० किलो वजनाच्या माणसाने ८ किलो वजन उतरवणे, हा त्याचा घरगुती अर्थ. कुशीवर झोपावे, उताणे वळण्याची सवय असल्यास झोपण्याच्या सदऱ्याला पाठीकडे खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. नाक चोंदत असेल तर त्याचा इलाज करावा. धूम्रपान व मद्य वर्ज्य करावे आणि झोपेची गोळी डॉक्टरांना घोरण्याची कल्पना दिल्याशिवाय घेऊ नये. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे टाळावे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

मध्यम व तीव्र विकारावर सर्वांत प्रभावी साधन म्हणजे 'सीपॅप' यंत्र. ते मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा सतत सोडते आणि त्या हवेच्या आधाराने घशाची वाट उघडी राहते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. सुरुवातीच्या यंत्रासाठी त्यांनी धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. त्यापूर्वी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडणे हाच खात्रीचा मार्ग होता, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या कल्पनेचे मोल कळते. आजची यंत्रे लहान आणि कमी आवाजाची असतात. तरीही पहिले काही आठवडे मुखवट्याची अडचण वाटते आणि पुष्कळ जण यंत्र कपाटात ठेवून देतात. मुखवट्याचे माप बदलणे, हवेत ओलावा राखण्याची सोय करून घेणे आणि डॉक्टरांकडे पुन्हा जाणे, एवढ्याने बहुतेक अडचणी दूर होतात.

या यंत्राबाबत अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्या २,७१७ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रामुळे दिवसाची झोप कमी झाली, मनःस्थिती सुधारली. मात्र हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात घटल्याचे दिसले नाही. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासांहूनही कमी वेळ वापरले होते, हेही तेथेच नोंदले गेले. रक्तदाब, साखर आणि वजन यांचा बंदोबस्त यंत्राच्या जोडीने करावाच लागतो.

सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी, दंतवैद्याने मापाने बनवलेली पट्टी उपयोगी ठरते. टॉन्सिल फार मोठे असल्यास किंवा नाकात मोठा दोष असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. लठ्ठपणा असलेल्या मध्यम व तीव्र रुग्णांसाठी 'टिर्झेपाटाइड' हे वजन घटवणारे इंजेक्शन अमेरिकेच्या औषध नियामकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मान्य केले. घशाच्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामांचाही अभ्यास चालू आहे. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेल्या छोट्या अभ्यासात सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांना लाभ झाल्याचे दिसले. हा आरंभ आशादायक आहे. परंतु तीव्र विकार असलेल्याने त्यावर विसंबून यंत्र बाजूला ठेवू नये.

आणखी एक महत्त्वाची सूचना. कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी, मग ती गुडघ्याची असो वा हर्नियाची, घोरण्याची आणि श्वास थांबण्याची माहिती भूलतज्ज्ञांना आवर्जून द्यावी. भूल आणि वेदनाशामक औषधे घशाचे स्नायू अधिक सैल करतात. आगाऊ माहिती असेल तर डॉक्टर त्यानुसार काळजी घेतात.

बोलायला हवे

घोरण्यावरून घरोघरी खटके उडतात. कोणाची झोप मोडते, कोणी चिडते, कोणी ओशाळते. घोरणाऱ्याला "तुमच्यामुळे मला झोप येत नाही" असे सांगितले की त्याला तो आरोप वाटतो आणि तो नाकारतो. तेच "रात्री तुमचा श्वास मध्येच थांबतो, मला भीती वाटते" असे सांगितले, तर तो ऐकून घेण्याची शक्यता वाढते. मुद्दा आवाजाच्या उपद्रवाचा राहत नाही, प्रकृतीच्या काळजीचा होतो. डॉक्टरांकडे जातानाही घोरणाऱ्याने एकट्याने न जाता रात्री शेजारी असणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे, कारण विचारल्या जाणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडेच असतात.

घाबरण्याचे कारण नाही. बहुसंख्य घोरणाऱ्यांना कुशीवर झोपणे आणि वजन आटोक्यात ठेवणे एवढाच सल्ला मिळेल. ज्यांना खरोखर विकार आहे, त्यांच्यासाठी तो ओळखण्याची आणि आवरण्याची साधने आज उपलब्ध आहेत. ती साधने घरापर्यंत येण्यासाठी कोणीतरी एकाने एक रात्र थोडे जागे राहून, हसू आवरून, आवाज थांबल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजायला हवेत.